रूढी आणि सुधारणा : मुक्त डेस्कटॉप-व्यवस्थांचा तुलनात्मक इतिहास

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दृश्य उभे राहते, त्याकडे वापरणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. खिडकीची चौकट, ती बंद करण्याची फुली, प्रोग्रॅमांची यादी, वरची वा खालची पट्टी, फाइलींचे फोल्डर ही सर्व सामग्री त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, ती कोणी तरी विचारपूर्वक ठरविलेली आहे याची जाणीव तीत बदल झाल्यावरच होते. या समग्र मांडणीस डेस्कटॉप-व्यवस्था असे म्हणता येईल. विंडोज किंवा मॅक या प्रणालींत ही व्यवस्था एकच कंपनी ठरविते. मुक्त स्रोत प्रणालींच्या क्षेत्रात मात्र ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, मॅटे, सिनॅमन, एलएक्सक्यूटी अशा अनेक व्यवस्था एकाच वेळी नांदत असून, त्यांचा मूळ कोड व त्यामागील चर्चा सर्वांस खुल्या आहेत. साहजिकच तुलनात्मक अभ्यासास येथे विपुल सामग्री उपलब्ध होते.

या व्यवस्थांची तुलना बहुधा त्यांच्या बाह्य रूपावरून केली जाते. कोणती देखणी, कोणती हलकी, कोणतीत पर्याय अधिक, एवढ्यापुरतीच ती मर्यादित राहते. परंतु सुमारे तीस वर्षांच्या इतिहासाचे अवलोकन केले असता यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट ध्यानात येते. डेस्कटॉप-व्यवस्था ही यंत्ररचना असली तरी तिचा व्यवहार भाषेप्रमाणे रूढीवर चालतो. ज्या सुधारणा तिच्या पायात झाल्या त्या टिकल्या व सर्वांच्या उपयोगी पडल्या. ज्या सुधारणांनी वापरणाऱ्यांच्या रूढीवर एकाएकी घाव घातला, त्यांतून दुफळी माजली. पुढील विवेचन या विधानाच्या पुष्ट्यर्थ आहे.

१. आरंभ : धोरणाचा अभाव

युनिक्स व तत्सम प्रणालींत पडद्यावर चित्रे काढण्याचे काम एक्स विंडो सिस्टिम ही यंत्रणा करी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत इ. स. १९८४ मध्ये तिचा आरंभ झाला आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. साधने पुरवावयाची, पण त्यांचा वापर कसा व्हावा याचे धोरण ठरवावयाचे नाही, हे तिच्या कर्त्यांचे तत्त्व होते. या उदार तत्त्वामुळे ही यंत्रणा दीर्घायुषी झाली. तथापि त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, प्रत्येक प्रोग्रॅमने आपापली रीत पत्करली. एकात मेनू एका तऱ्हेने उघडे, तर दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने. एकातील मजकूर उचलून दुसऱ्यात ठेवणे हेही सदैव साधत नसे. शब्द पुष्कळ होते, व्याकरण मात्र नव्हते.

मोठ्या कंपन्यांनी १९९३ मध्ये एकत्र येऊन कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट, अर्थात सीडीई, ही सामाईक व्यवस्था जाहीर केली. हीत ह्यूलेट-पॅकार्ड, आयबीएम, सन इत्यादिकांचा सहभाग होता. परंतु ती मुक्त नव्हती. तिचा कोड मुक्त परवान्याने प्रसिद्ध झाला तो २०१२ मध्ये, म्हणजे तिचे महत्त्व ओसरल्यानंतर. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या व हौशी लोकांच्या संगणकांवर लिनक्स पसरू लागले तेव्हा ही उणीव तशीच राहिली होती.

२. दोन प्रवाहांचा उगम

ती भरून काढण्याचा संकल्प जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे विद्यार्थी माथियास एट्रिख यांनी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जाहीर केला. केडीई हे नाव सीडीईवरील श्लेषातून आले. ही व्यवस्था प्रणालीची देखरेख करणाऱ्या तज्ज्ञासाठी नसून, पत्रे लिहिणाऱ्या व खेळ खेळणाऱ्या सामान्य माणसासाठी आहे, हे त्या निवेदनात स्पष्ट केलेले होते. केडीईची पहिली आवृत्ती जुलै १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

केडीईची उभारणी ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीच्या क्यूटी या टूलकिटवर झाली होती. टूलकिट म्हणजे बटणे, मेनू, मजकुराच्या चौकटी इत्यादींचा तयार संच. क्यूटीचा कोड वाचावयास मिळे, परंतु त्यात फेरफार करून तो वाटण्यास त्या वेळच्या परवान्याने मुभा नव्हती. ज्या इमारतीत सर्वांनी राहावयाचे तिचा पाया एका कंपनीच्या मालकीचा असावा, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. त्यासाठी जीटीके हे टूलकिट निवडण्यात आले. ते मूळचे गिंप या चित्रसंपादन-प्रोग्रॅमाकरिता तयार झालेले होते. ग्नोमची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये निघाली.

तात्पर्य, दोन प्रमुख व्यवस्थांतील भेद प्रथमतः रूपाचा नव्हता, परवान्याचा होता. पुढे १९९८ मध्ये क्यूटीचे भवितव्य मुक्त राखण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले आणि सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली उपलब्ध झाले. भांडणाचे मूळ कारण नाहीसे झाले; परंतु दोन समाज तोवर घडून गेले होते. कारण संपल्यावरही कार्य उरते, असा अनुभव बोलींच्या इतिहासात वारंवार येतो. नदी वा डोंगर यांमुळे पडलेला बोलीभेद वाहतुकीची सोय झाल्यावर लगोलग मिटत नाही. तसेच येथे झाले.

याच सुमारास, १९९६ मध्ये, ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी एक्सएफसीईचा आरंभ केला होता. प्रथम सीडीईसारखी दिसणारी ही व्यवस्था पुढे जीटीकेवर आली. तिचा उल्लेख यापुढे पुन्हा येईल. कारण ती या इतिहासातील सर्वांत कमी बोलणारी, परंतु बोधप्रद साक्षीदार आहे.

३. दोन वृत्ती

परवान्याचा वाद संपल्यावर भेद उरला तो वृत्तीचा. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ मध्ये ग्नोमची प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून चाचणी करविली. त्या अनुभवाचा उपयोग करून जून २००२ मधील ग्नोम २.० या आवृत्तीत पुष्कळसे पर्याय काढून टाकण्यात आले. प्रत्येक पर्याय म्हणजे वापरणाऱ्यावर टाकलेला एक प्रश्न असून, योग्य उत्तर रचनाकारांनीच शोधावे, अशी यामागील भूमिका होती. याउलट, वापरणाऱ्यांच्या गरजा नानाविध असतात आणि त्यांना आपली व्यवस्था आपल्या हातांनी लावता आली पाहिजे, या भूमिकेवर केडीई ठाम राहिली.

या दोन्ही भूमिकांत सत्याचा अंश आहे. पर्याय फार झाले की नवख्या माणसाची दिशाभूल होते. केडीईच्या सेटिंग्जच्या लांबलचक याद्या हे याचे उदाहरण होय. उलटपक्षी, पर्याय काढताना कोणाची गरज गौण मानावयाची हे ठरवावे लागते, आणि जे चाचणीला हजर नसतात त्यांची गरज गौण ठरण्याचा संभव अधिक असतो.

४. तुटलेल्या रूढी

यानंतरचे दशक हे मोठ्या उलथापालथींचे होते. ११ जानेवारी २००८ रोजी केडीई ४.० प्रसिद्ध झाली. प्लाझ्मा नावाची नवी रचना तीत होती. ही आवृत्ती पुढील कामाचा पाया आहे असे कर्त्यांचे मत होते. परंतु आवृत्तीचा क्रमांक पाहून वापरणाऱ्यांनी ती परिपूर्ण समजून घेतली. फेडोरासारख्या वितरणांनी त्याच वर्षी ती लोकांच्या हाती दिली. जुन्या कितीतरी सोयी तीत अद्याप आलेल्या नव्हत्या. परिणामी केडीई ३.५ जतन करू पाहणाऱ्यांनी २०१० मध्ये ट्रिनिटी ही वेगळी शाखा काढली.

त्यानंतर ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३.० आली. तीत उघड्या खिडक्यांची पट्टी नव्हती, खिडकी खाली ठेवण्याचे बटण नव्हते, डेस्कटॉपवर आयकॉनही नव्हते. त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी ही आपली निराळी रचना मुख्य वितरणात मूळ व्यवस्था म्हणून आणली. याची प्रतिक्रिया तत्काळ उमटली. ग्नोम २ चा कोड पुढे चालविण्यासाठी मॅटे निघाली. ग्नोम ३ च्या नव्या पायावर जुन्या वळणाची मांडणी उभारण्यासाठी लिनक्स मिंट या वितरणाने सिनॅमन काढली. युनिटीचे काम थांबविण्याचा निर्णय एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उबुंटू ग्नोमकडे परतले, पण डावीकडील पट्टी तिने सोबत आणली. सहा वर्षांत ती पट्टी रूढ झालेली होती.

या काळातील अस्थैर्य एका व्यक्तीच्या उदाहरणावरून कळून येईल. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये ग्नोमच्या पर्याय-संकोचावर कडक टीका करून केडीई वापरण्याचा जाहीर सल्ला दिला होता. केडीई ४.० नंतर आपण ग्नोमकडे वळलो, असे त्यांनी २००९ मध्ये सांगितले. ग्नोम ३ आल्यावर, २०११ मध्ये, ते एक्सएफसीईकडे गेले आणि २०१३ मध्ये जोड-प्रोग्रॅमांच्या साहाय्याने पुन्हा ग्नोम ३ वर आले. ज्याने प्रणालीचे हृदय घडविले त्यालाही तिच्या चेहऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आठ वर्षांत एवढा प्रवास करावा लागला, तेथे इतरांची कथा काय?

फेर्दिनाँ द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक चिन्हाचे जे विवेचन आहे ते येथे उपयोगी पडते. चिन्ह यादृच्छिक असते. फुलीचा अर्थ ‘बंद करणे’ असा असण्यास कोणतेही नैसर्गिक कारण नाही. पण ते यादृच्छिक आहे म्हणूनच एखाद्याच्या इच्छेने बदलत नाही. कारण बदलाच्या बाजूने जसा युक्तिवाद करता येत नाही, तसा विरोधातही येत नाही, आणि उरतो तो केवळ परिपाठ. मराठीच्या लेखनाचा इतिहासही हेच सांगतो. ‘इ’ व ‘उ’ यांच्या जागी ‘अि’ व ‘अु’ लिहिण्याची सूचना तर्कशुद्ध होती, काहींनी ती हिरिरीने आचरलीही. तरी ती सार्वत्रिक झाली नाही. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले, तो बदल मात्र स्थिरावला. त्याला शासनाचे व पाठ्यपुस्तकांचे पाठबळ होते हे खरेच. परंतु जुने मुद्रित वाङ्मय वाचावयास त्यामुळे कोणतीही अडचण आली नाही, हेही तितकेच खरे.

या कसोटीवर एक्सएफसीईचे वर्तन पाहावे. तिची ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये, तर ४.१४ ही २०१९ मध्ये आली. चार वर्षे लागली ती मुख्यतः जीटीकेच्या दुसऱ्या पिढीवरून तिसरीवर येण्यास. वापरणाऱ्याला पडद्यावर फारसा फरक जाणवला नाही, आणि यातच त्या श्रमाचे यश होते. केडीईनेही आपल्या अनुभवातून हाच धडा घेतला असे दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ प्रसिद्ध झाली तेव्हा खालचे टूलकिट बदलले होते, मांडणी मात्र ओळखीचीच राहिली. ग्नोमनेही मार्च २०२१ मधील ४० व्या आवृत्तीपूर्वी वापरणाऱ्यांची रीतसर पाहणी करून मगच फेरबदल केले.

५. पायातील सहकार्य

रूपाविषयीचे हे वाद गाजत असता पायात एक वेगळीच प्रक्रिया चालू होती. मार्च २००० मध्ये हॅव्हॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाचा आरंभ केला. निरनिराळ्या व्यवस्थांतील प्रोग्रॅमांनी परस्परांशी कसे वागावे याचे सामाईक संकेत तेथे ठरू लागले. केडीईची डीकॉप व ग्नोमची कॉर्बा या दोन भिन्न संदेश-पद्धतींच्या जागी डी-बस ही एकच पद्धती पुढे दोघांनी स्वीकारली, हे त्याचे एक ठळक फळ होय.

दुसरे फळ मराठीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. देवनागरीत अक्षरे साठविण्याचा क्रम व दिसण्याचा क्रम एक नसतो. ‘कि’ यात इकार नंतर साठविला जातो, पण दिसतो आधी. ‘र्क’ यात रकार आधी येतो, पण दिसतो क-वरचा रफार होऊन. शिवाय मराठीला ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत भेद करावा लागतो. पहिला गुरू, दुसरा स्वयंपाकी. चुकून रफार पडला तर अर्थच पालटतो. ही अक्षरजुळणी करण्याचे काम ग्नोमच्या बाजूस पँगो व केडीईच्या बाजूस क्यूटी आपापल्या परीने करीत. दोघांनीही फ्रीटाइप या प्रकल्पातील एकाच जुन्या कोडाच्या स्वतंत्र नकला घेतल्या होत्या आणि प्रत्येक लिपीचे नियम दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहावे लागत. त्यामुळे एकच मराठी वाक्य एका प्रोग्रॅमात नीट, तर दुसऱ्यात तुटलेले दिसण्याचा संभव होता, आणि दोष काढावयाचा तर दोन्हीकडे झगडावे लागे.

या नकला एकत्र आणून हार्फबझ हा सामाईक प्रकल्प उभा राहिला. त्याचे नाव फारसीवरून आलेले आहे. बेहदाद एस्फहबोद यांनी पुढे तो नव्याने लिहिला. आज ग्नोम व केडीई या दोहोंखाली, तसेच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस व अँड्रॉइड यांतही, हेच अक्षरजुळणीचे यंत्र आहे. मराठीतील एखादा दोष तेथे एकदा दुरुस्त झाला की तो सर्वत्र दुरुस्त होतो. रेड हॅटने मुक्त केलेल्या आणि पुण्यातील अभियंत्यांनी जोपासलेल्या लोहित फॉन्टांचा प्रवासही याच दिशेने झाला. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठीचे वेगवेगळे फॉन्ट पुढे ‘लोहित देवनागरी’ या एकाच फॉन्टात आणले गेले. मराठीचे ‘ल’ व ‘श’ हिंदीहून भिन्न वळणाचे असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे एवढे कळल्यावर योग्य वळण निवडण्याची सोय अशा फॉन्टात करता येते. पाया एक आणि वर भेदाला जागा, हे तत्त्व येथे अल्पशा जागेत सिद्ध झालेले दिसते.

६. सुधारणेच्या दिशा

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, रूढ मांडणीत मोठा बदल करावयाचा असेल तर जुनी वाट काही काळ उघडी ठेवावी. ग्नोमने ३.८ या आवृत्तीत, मार्च २०१३ मध्ये, जुन्या वळणाची ‘क्लासिक’ मांडणी दिली. ती दोन वर्षे आधी मिळती तर निदान काही फाटे टळते. ग्नोमच्या जोड-प्रोग्रॅमांनाही हेच लागू आहे. मूळ व्यवस्थेने गाळलेल्या सोयी पुष्कळांना त्यांच्याद्वारे परत मिळतात. परंतु नव्या आवृत्तीबरोबर ते मोडतात. सप्टेंबर २०२३ मधील ४५ व्या आवृत्तीत तर अंतर्गत रचना बदलल्यामुळे ते सर्वच नव्याने जुळवून घ्यावे लागले. गाळलेली सोय बाहेरच्यांनी पुरवावी अशी अपेक्षा असेल, तर त्यांच्यासाठी स्थिर आधार राखणे हे कर्तव्य ठरते.

दुसरा निष्कर्ष अंध व अपंग वापरणाऱ्यांविषयी आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ऑर्का हा प्रोग्रॅम २००६ पासून ग्नोमचा भाग झाला. त्याला सन कंपनीचा मोठा आधार होता. ती कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतल्यावर तो आधार ओसरला आणि काम मोजक्या लोकांच्या खांद्यांवर येऊन पडले. इकडे एक्सच्या जागी वेलँड ही नवी यंत्रणा आली. तिचा आरंभ क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये केला होता. एका प्रोग्रॅमाने दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये, हा तिचा सुरक्षा-नियम स्तुत्य आहे. परंतु वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमाचे कामच डोकावण्याचे असते. म्हणून अशा सोयींचे संकेत सर्व व्यवस्थांनी मिळून, आणि बदलाच्या आधी, ठरविणे अगत्याचे आहे. कळफलकाच्या बाबतीतही अशीच एकवाक्यता हवी. ग्नोमने २०१२ पासून आयबस ही लेखन-यंत्रणा आपल्यात सामावून घेतली, केडीईत ती निवड वापरणाऱ्याकडे आहे. मराठी लिहिणाऱ्याला व्यवस्था बदलली की जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.

तिसरा निष्कर्ष भाषांतराचा. या व्यवस्थांतील प्रत्येक मेनू, बटण व सूचना यांचा मजकूर सुटा करून त्याचे भाषांतर केले जाते. मूळ इंग्रजी वाक्य थोडेसेही बदलले की जुने भाषांतर संशयित ठरते आणि कोणी ते तपासून मान्य करीपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. मोठ्या भाषांच्या मंडळींना हा वेग झेपतो. जेथे दोनचार स्वयंसेवक कामाच्या वेळेबाहेर हा उद्योग करतात, तेथे प्रत्येक नव्या मांडणीबरोबर आधीचे श्रम काही अंशी वाया जातात आणि पडदा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी होतो. रूपपालटाचा खर्च मोजताना रचनाकारांच्या श्रमाबरोबर हाही खर्च धरला पाहिजे. तो कोणत्याही हिशेबात येत नाही, कारण तो भरणारे लोक दूर असतात.

उपसंहार

एकच सर्वमान्य डेस्कटॉप-व्यवस्था व्हावी, अशी इच्छा अधूनमधून व्यक्त केली जाते. ती अनावश्यक आहे. बोली अनेक असल्याने भाषा दुबळी होत नाही. बोलणाऱ्यांना परस्परांचे समजेनासे झाले म्हणजे ती दुबळी होते. ग्नोमचा संयम, केडीईची उदारता, एक्सएफसीईचा धीमेपणा यांपैकी प्रत्येकाची गरज असलेले लोक आहेत. स्पर्धा रूपात असावी, पाया सर्वांचा असावा आणि बदलाची किंमत ठरविताना ती ज्यांना भरावी लागते त्यांना विचारले जावे, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे. आचारी आणि आचार्य यांतला भेद पडद्यावर आज नीट दिसतो, तो कोणत्याही एका व्यवस्थेने दुसरीवर मिळविलेल्या विजयामुळे नव्हे, तर दोघींनी एका ठिकाणी आपला वेगळेपणा सोडल्यामुळे.